डाग दाखवायला भिऊ नये



अंगावर काळानिळा डाग उमटतो आणि तो कशाने उमटला हे काही केल्या आठवत नाही. कपाटाचा कोपरा लागला असेल, एस.टी.त चढताना दांडा बसला असेल, असे म्हणून आपण तो विसरून जातो. दहा-पंधरा दिवसांत निळ्याचा हिरवट, हिरवटाचा पिवळा होत डाग मावळतो आणि बहुतेक वेळा गोष्ट तेथेच संपते. परंतु कधी कधी ती संपत नाही. एक डाग जातो तोच दोन नवे येतात, दात घासताना हिरड्यांतून रक्त दिसते, आणि तरीही माणूस महिना महिना गप्प बसतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : "डॉक्टर ओरडतील."

आजचा लेख या उत्तराविषयी आहे.

प्रथम डागांविषयी थोडे. प्रत्येक डाग म्हणजे दुर्धर रोग नव्हे. साठी-सत्तरीनंतर त्वचा पातळ होते, तिच्याखालील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आधार कमी होतो, आणि मनगटापासून कोपरापर्यंत जांभळट चट्टे सहज उठतात. हृदयविकारासाठी दिलेली ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांमुळेही असे होते. मात्र याच डागांमागे प्लेटलेट कमी होणे, यकृताचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता किंवा खुद्द रक्ताचा आजारही असू शकतो. प्लेटलेटची संख्या सामान्यतः रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख असते. ती पुरेशी आहे की नाही, हे डोळ्यांनी किंवा अनुभवाने सांगता येत नाही. त्यासाठी रक्ताची साधी तपासणी करावी लागते. लहानपणापासून रक्त लवकर थांबत नसेल, घराण्यात कोणाला तसा त्रास असेल, तर तेही सांगितले पाहिजे. अशा आनुवंशिक विकारांच्या सखोल तपासणीसाठी मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे.

काही लक्षणे मात्र उद्यावर टाकू नयेत. मार न लागता पोट, पाठ, छाती यांवर मोठे डाग येणे, त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठणे, नाकातून वा हिरड्यांतून न थांबणारे रक्त, काळी, डांबरासारखी शौचास होणे, लघवीत रक्त, डागांबरोबर ताप. आपल्या कोकणात पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस हे दोन्ही आढळतात, म्हणून तापाबरोबरचा डाग अधिक गांभीर्याने घ्यावा. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या व्यक्तीच्या डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

एवढे ठाऊक असूनही आपण बोलत नाही, ते का?

श्रीवर्धनसारख्या गावात या भीतीला एक खास कारण आहे. येथे डॉक्टर मोजके. तज्ज्ञ पाहिजे तर म्हसळ्यावरून माणगाव, नाहीतर महाड, पनवेल, मुंबई. मुले मुंबई-पुण्यात, घरात सुपारीच्या वाडीची राखण करणारी दोन म्हातारी माणसे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा झाडे पडून रस्ते अडले, वीज गेली, फोन मुके झाले. अशा वेळी जो गावात आहे तोच आपला डॉक्टर, हे आपण अनुभवाने जाणतो. म्हणून मनात हिशेब चालतो : याला प्रश्न विचारून दुखावले, तर उद्या रात्री-अपरात्री कोणाचे दार ठोठावायचे? ही भीती मूर्खपणाची नाही. व्यवहारी माणसाचीच ती भीती आहे. परंतु तिच्यापायी आपण जे दडवतो, त्याची किंमत डॉक्टर मोजत नाहीत, आपणच मोजतो.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. शाखाधिकाऱ्याच्या केबिनबाहेर उभी राहणारी माणसे मी वर्षानुवर्षे पाहिली. अधिकारी कडक असला की बाहेर तासभर घोकलेले वाक्य आत गेल्यावर घशात अडकते. "काही नाही साहेब, सहज आलो होतो," असे म्हणून माणूस परत फिरतो आणि त्याचे काम तसेच राहते. ज्याच्या हातात कागद असे, त्याचे मात्र अडत नसे. तारीख, रक्कम, खातेक्रमांक लिहिलेला साधा अर्ज त्याने टेबलावर ठेवला की सर्वांत तापट अधिकाऱ्यालाही तो वाचावाच लागे. डॉक्टरांच्या टेबलाची रीत याहून फारशी वेगळी नाही.

डॉक्टरांकडे वेळ नसतो, ही तक्रार खरी आहे आणि ती केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, रुग्णाने बोलणे सुरू केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच थांबवीत. पुढे २००२ साली स्वित्झर्लंडमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे डॉक्टरांना मुद्दाम सांगितले होते की, रुग्णाला मध्ये थांबवू नका. तेव्हा ३३५ रुग्णांनी आपले गाऱ्हाणे सांगायला सरासरी ९२ सेकंद घेतले. दीड मिनिट! आपल्याला पाल्हाळाची मुळी गरजच नसते. तेवढे दीड मिनिट मात्र नीट वापरता आले पाहिजे.

आपल्या सांगण्याला किती मोल असते, याचे उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर तरुणपणी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा या भागात माणसे दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून घाम, उलट्या, गार पडणारे हातपाय अशी बारीकसारीक लक्षणे टिपली. त्यांवरचा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या साऱ्या कामाचा पाया म्हणजे रुग्णाच्या शरीरावर दिसणाऱ्या खुणांची वेळच्या वेळी केलेली नोंद. आपल्या शरीराची अशी नोंद घरी बसून आपल्यालाही करता येते.

ती अशी करावी. एका कागदावर, मोठ्या अक्षरात, दहा ओळींच्या आत :

१. डाग पहिल्यांदा कधी दिसला, कोठे, केवढा (रुपयाच्या नाण्याएवढा, तळहाताएवढा). मार लागला होता की नाही.
२. त्यानंतर नवे किती आले. शक्य तर मोबाइलवर तारखेसह छायाचित्र.
३. रक्त आणखी कोठून येते का. ताप, थकवा, वजन घटणे.
४. चालू असलेल्या सर्व गोळ्या. वैद्यांची चूर्णे आणि दुकानातून स्वतः आणलेल्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा.
५. खाण्यापिण्यात अलीकडे झालेला बदल, उपवास, तप.

पाचवा मुद्दा आपल्या घरांत विशेष महत्त्वाचा आहे. आमच्या शेजारच्या एका काकूंच्या हृदयाची झडप बदललेली आहे. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रोमची गोळी त्यांना कायमची. एका चातुर्मासात त्यांच्या दंडावर आणि मांडीवर डाग दिसू लागले. "भाऊ, डॉक्टरांना सांगायचं म्हणजे नको वाटतं हो," त्या म्हणाल्या. "मागे एकदा विचारलं तर म्हणाले, डॉक्टर तुम्ही की मी?" मी त्यांना वरच्याप्रमाणे कागद लिहून दिला आणि सोबत गेलो. डॉक्टर नेहमीप्रमाणे गरजले, "आता काय नवीन?" काकूंनी काही न बोलता कागद पुढे केला. त्यांनी वाचला, दंड पाहिला, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "पालेभाजी कधीपासून बंद आहे?"

"आषाढी चौदसपासून, डॉक्टरसाहेब."

त्याच दिवशी रक्त तपासायला गेले. रक्त गोठण्यास लागणारा वेळ दाखविणारा आयएनआर हा आकडा मर्यादेच्या बराच वर निघाला. गोळीचे प्रमाण बदलले आणि पंधरवड्यात डाग ओसरले.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन ही औषधे के जीवनसत्त्वाच्या कार्याला अटकाव करून रक्त पातळ ठेवतात. हे जीवनसत्त्व हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असते, आणि गोळीचे प्रमाण आपल्या नेहमीच्या आहाराशी जुळवून ठरविलेले असते. पालेभाजी एकाएकी बंद केली की तीच गोळी अधिक जोराने काम करते. चातुर्मास संपून भाजी पुन्हा सुरू झाली की तिचा जोर घटतो, आणि मग रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून या गोळ्या घेणाऱ्यांनी चातुर्मासाच्या आधी आणि नंतर डॉक्टरांना सांगून आयएनआर तपासावा. चौविहार करीत असाल तर गोळीची वेळ सूर्यास्तापूर्वीची ठरवून घ्यावी. उपवासाच्या दिवशी गोळी घ्यावी की नाही, हे स्वतः ठरवू नये. हे सारे शहरातल्या मोठ्या तज्ज्ञालाही आपण सांगितल्यावाचून कळणार नाही. आपल्या घरातील तिथ्या त्याच्या पुस्तकात नसतात.

कागद देऊनही डॉक्टरांनी हात झटकले तर? तर तीन प्रश्न नम्रपणे, पण उठण्यापूर्वी विचारावेत. "डॉक्टरसाहेब, हे वयामुळेच आहे, की आणखी काही असू शकते?" "रक्ताची तपासणी करावी का, आणि नको असेल तर का नको?" "कोणते लक्षण दिसले तर मी त्याच दिवशी यावे?" आवाज चढवायचा नाही, इंटरनेटवर वाचलेले सांगायचे नाही. तरीही उत्तर मिळाले नाही, तर शेवटची विनंती करावी : "आपण तपासणीची गरज नाही म्हणता, तेवढे केसपेपरवर लिहून द्याल का?" बँकेतील अनुभवावरून सांगतो, लेखी द्यायचे म्हटले की कोणीही एकदा फेरविचार करतो. सोबत घरातील एखादे माणूस असावे. घाबरलेल्याला निम्मे ऐकू येत नाही. सोबत्याने ते लिहून घ्यावे.

यात आपण कोणावर उपकार मागत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. तिच्यात १७ हक्क आहेत. आजाराची माहिती मिळणे, कागदपत्रांच्या प्रती मिळणे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हे त्यांपैकीच. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आवश्यक केले. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार, रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावयाची असतात. दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांशी बेइमानी नव्हे. आपली फाइल घेऊन माणगावला किंवा मुंबईला जाऊन यावे, आणि परत आल्यावर तो कागद आपल्या गावच्या डॉक्टरांना दाखवावा. समंजस डॉक्टर त्याचे स्वागतच करतात.

गप्प बसण्याची किंमत किती असू शकते, हे इंग्लंडमधील एका घटनेने जगाला दाखविले. २०२१ साली मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडली. स्वादुपिंडाला इजा झाली म्हणून तिला लंडनच्या नामांकित रुग्णालयात ठेवले होते. तिची प्रकृती ढासळते आहे, हे आई-वडिलांना दिसत होते. त्यांनी ते बोलूनही दाखविले. परंतु मोठ्या डॉक्टरांनी दिलेल्या दिलाशापुढे त्यांचे चालले नाही. चौदाव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी ती गेली. वेळीच अतिदक्षता विभागात हलविली असती तर बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला. तिच्या आई-वडिलांच्या प्रयत्नांतून 'मार्थाचा नियम' आला. घरच्यांना काळजी वाटल्यास दुसऱ्या वैद्यकीय पथकाकडून तातडीने तपासणी मागण्याची सोय २०२४ पासून इंग्लंडमधील रुग्णालयांत सुरू झाली.

आपल्याकडे तसा नियम नाही. पण घरातील माणूस आहे. सून, मुलगा, नात, शेजारी यांपैकी कोणीतरी आजीच्या बाहीखालचा डाग पाहिलेला असतो. त्याने "म्हातारपणी असे चालायचेच" असे म्हणून तो झाकू देऊ नये. आणि एक नाजूक गोष्ट : डाग पाहून डॉक्टरांनी "घरात कोणी हात उगारतं का?" असे एकांतात विचारले, तर राग मानू नये. तो प्रश्न त्यांच्या कर्तव्याचा आहे, आणि तसे घडत असेल तर खरे सांगण्याची तीच जागा आहे.

या महिन्यात एवढे एकच काम करावे. घरातील ज्येष्ठांच्या चालू औषधांची यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी, आणि तिच्याखाली चार ओळी कोऱ्या ठेवाव्यात. डाग दिसला की तारीख घालावी. दुसरी तारीख पडली की तो कागद घेऊन दवाखान्यात जावे, डॉक्टर कितीही कडक असोत.

पुढील अंकी भेटू.