फेरिटिनचा आकडा एकट्याने वाचू नये

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटसारख्या वस्त्यांत संपूर्ण आरोग्य-तपासणीची पॅकेजे आता घरपोच मिळतात. अशा अहवालात फेरिटिनचा आकडा असला, तर तो मोठा म्हणजे शरीरात लोह भरपूर आणि लहान म्हणजे कमी, असा सरळ हिशेब मांडला जातो. हा हिशेब निम्माच खरा आहे.

फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन. निरोगी व्यक्तीच्या रक्तातील त्याच्या प्रमाणावरून लोहाच्या साठ्याचा चांगला अंदाज येतो. परंतु शरीरात दाह असला किंवा यकृतात चरबी साचली, तर लोह न वाढताही फेरिटिन वाढू शकते. कमरेचा वाढलेला घेर, चढलेली साखर, वाढलेले ट्रायग्लिसराइड, वाढलेला रक्तदाब आणि घटलेले एचडीएल कोलेस्टेरॉल या पाचांपैकी तीन लक्षणे एकत्र आली की त्यास मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. अशा व्यक्तींत फेरिटिन जास्त असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. मग जादा लोहामुळे इन्सुलिनचे कार्य मंदावते, की बिघडलेल्या चयापचयामुळे फेरिटिन चढते? दोन्ही शक्य आहे. रक्त काढून लोह कमी करून पाहणाऱ्या चाचण्यांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत.

भारतात हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे. तर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी दडलेली असते. म्हणजे एकाच स्त्रीला लोहाची कमतरता आणि चयापचयाचा बिघाड दोन्ही असू शकतात, आणि दाहामुळे तिचे फेरिटिन फसवे ‘नॉर्मल’ दिसू शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये निरोगी प्रौढांसाठी कमतरतेची मर्यादा लिटरमागे 15 मायक्रोग्रॅम, तर संसर्ग वा दाह असताना 70 मायक्रोग्रॅम ठेवली.

15 ऑगस्ट 2021 रोजी सरकारी योजनांतील तांदूळ लोहयुक्त करण्याची घोषणा झाली. एचएसआरला लागून असलेल्या कोरमंगला भागातील सेंट जॉन्स संस्थेचे डॉ. अनुरा कुरपाड यांनी सरसकट लोह देण्याविषयी सावधगिरीचा इशारा दिला आहे. तो गांभीर्याने घ्यावा. परंतु त्याच्या भीतीपोटी गर्भवतीने लोहाच्या गोळ्या सोडणे हा अनर्थ ठरेल.

माझे मत स्पष्ट आहे. प्रयोगशाळांनी फेरिटिनसोबत दाह दाखवणारी सीआरपी चाचणी द्यावी, आणि आकडा चढलेला असल्यास ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही पाहिले जावे. शासनाने लोहाचे वाटप करताना हीच मोजमापे ठरावीक काळाने घ्यावीत. आणि वाचकहो, केवळ एका आकड्यावरून लोहाची गोळी स्वतःहून सुरू करू नका, बंदही करू नका.