कारवाँ आणि सराय

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचे ठरले की घरात पहिला वाद होतो तो गाडीवरून. यंदा मुलांनी नवाच हट्ट धरला. मोबाईलवर त्यांनी चाकांवरचे घर पाहिले होते. त्यात पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी, सगळे गाडीतच! आम्ही घरची चौदा माणसे. त्यांत पाच लहान मुले, आणि अम्मींची सत्तरी उलटलेली, गुडघे दुखरे. तेव्हा या वेळी नीट चौकशीच केली. ती वाचकांच्याही कामी येईल असे वाटते.

या गाडीला कॅरव्हॅन म्हणतात. शब्द आपल्याला परका नाही. फारसीतला कारवाँ युरोपात गेला, त्याचा कॅरव्हॅन झाला आणि त्याचेच शेपूट तोडून इंग्रजांनी ‘व्हॅन’ केले. शाळेची मुले ज्या व्हॅनमधून येतात तीही त्या उंटांच्या तांड्याचीच नात!

कॅरव्हॅनचे ढोबळ दोन प्रकार. एकात इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असते. आपल्याकडे फोर्सच्या ट्रॅव्हलरवर असे घर बांधलेले बऱ्याचदा दिसते. दुसऱ्यात घर वेगळे, ते मोटारीमागे जोडून ओढायचे. ट्रेलर म्हणजे काय हे श्रीपूरकरांना सांगायला नको. पांडुरंग कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर अकलूज रस्त्यावर रांगेने उभे असतात, आणि ट्रॉली मागे घेताना भल्याभल्या चालकांना घाम फुटतो. तोच खेळ आंबेनळी घाटाच्या वळणावर, समोरून एसटी येत असताना खेळायचा, ही कल्पनाच नको. ट्रेलर आम्ही तिथेच बाद केला.

राहिली इंजिनवाली. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याच वर्षी केरळनेही जाहीर केले. गाडी छान आहे, यात शंका नाही. पण ती चार-सहा माणसांची. आमच्या कुटुंबाला अशा तीन लागतील! शिवाय पलंग दिसला म्हणून चालत्या गाडीत त्यावर आडवे व्हायचे नसते. प्रवासात पट्टा लावून आसनावरच बसायचे. म्हणजे दिवसभरात पलंगाचा उपयोग शून्य. नवरा-बायको, दोन मुले, आठ दिवसांची मोकळी भटकंती आणि खिसा जड, अशा घराला ती शोभेल.

आमच्या भागात प्रत्यक्षात चालतात त्या क्रूझर, अर्टिगा आणि ट्रॅव्हलर. क्रूझर दणकट, खराब रस्त्याला घाबरत नाही, भाडेही कमी. पण मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसून घाट उतरला की मुले उलट्या करतात, आणि म्हाताऱ्या माणसाला तिथे चढवणे म्हणजे शिक्षाच. तीन अर्टिगा घेतल्या तर आराम मिळतो, मात्र घर तीन भागांत वाटले जाते आणि तीन चालकांचा भत्ता पडतो. एसटी प्रासंगिक करारावर मिळते. लग्नाच्या वऱ्हाडाला उत्तम, चौदा माणसांना फार मोठी. सतरा आसनी ट्रॅव्हलर आम्हाला सर्वांत पसंत पडली. मधून चालत जाता येते, सामानाला जागा राहते, पायरी बऱ्यापैकी खाली असते. भाडे किलोमीटरवर ठरते आणि बहुतेक मालक दिवसाचे किमान ३०० किलोमीटर धरतात, तेव्हा मुक्कामाच्या दिवसाचे काय, हे आधीच विचारून घ्यावे. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते म्हणून भाड्याने घेऊ नये. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

मुलांनी मात्र एक मुद्दा सोडला नाही: “कॅरव्हॅनमध्ये संडास आहे, ट्रॅव्हलरमध्ये कुठे आहे?”

खरी गोष्ट आहे, आणि सगळ्या चौकशीत आम्हाला सर्वांत मोठी हीच वाटली. आपल्या घरातल्या बायका प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. शाळेच्या सहलीतही शिक्षिका भगिनी दुपारपर्यंत बाटलीला हात लावत नाहीत. मग घरी येऊन लघवीची जळजळ, ताप, औषधे. पुरुषांच्या हे लक्षातही येत नाही, कारण त्यांना कुठलेही झाड पुरते.

पण कॅरव्हॅनचा संडास तरी काय असतो? खाली एक पेटी, ती भरली की रिकामी करायची. कुठे? त्यासाठी गाडी लावायची जागा हवी, जिथे पाणी, वीज आणि मैला सोडण्याची सोय आहे. कारवाँला सराय लागतेच. शेरशाह सूरीने रस्ता बांधला तेव्हा सरायाही बांधल्या. आमच्या वाटेवर अशी जागा आम्हाला सापडली नाही.

म्हणून गाडीचा विचार सोडून थांब्यांचा केला. डिझेल स्वच्छ संडास असलेल्या पंपावरच भरायचे; पंपावर संडास आणि पिण्याचे पाणी ठेवणे बंधनकारक आहे. बाळाला पाजायला मोठ्या एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो. अम्मींसाठी औषधाच्या दुकानातून घडीची कमोड खुर्ची घेतली. भांडे काढून ती साध्या संडासावर ठेवता येते, गुडघे वाकवावे लागत नाहीत.

वुजूच्या पाण्याचाही हिशेब केला. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये येते. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर, हनफी मापाने थोडे अधिक. नऊ मोठी माणसे, वाटेतल्या दोन नमाजा, माणशी एक लिटर धरला तरी अठरा लिटर. वीस लिटरचा एक जार पुरतो, टाकीची गरज नाही. जागेचे मात्र अवघड. केरळात रस्त्यालगतच्या कित्येक मशिदींत प्रवासी स्त्रियांसाठी वुजूची आणि नमाजची वेगळी सोय असते. आपल्याकडे हमरस्त्यावरच्या मशिदींत पुरुष आत जातात आणि बायका गाडीत बसून राहतात. मीनारीसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या कमिट्यांनी आधी एक संडास आणि दोन नळ बायकांसाठी बांधले तर आम्ही ती वर्गणी दुप्पट देऊ.

थांबे ठरले ते असे: फलटण, सातारा, महाबळेश्वर, पोलादपूर, खेड. यादी पाहून चालक म्हणाला, “सर, एवढं थांबलो तर हर्णैला अंधार होईल. संध्याकाळचा मासळीचा लिलाव काय बघायला मिळायचा नाही.” लिलाव रोजच असतो, दुसऱ्या दिवशी पाहू, असे सांगून आम्ही त्याला विसार दिला.