झडती

दोस्तांनो, संविधानाची शपथ आपण रोज खातो. पण रात्री नाक्यावर हवालदारानं कॉलर धरली की तोंडातून निघतं फक्त ‘साहेब, साहेब’. ह्या अंकात त्या ‘साहेब’बद्दल बोलायचंय.

मी गोदीत माल उचलतो. आमच्यातला कुणी रात्री पिशवी घेऊन निघाला की १९५१ चा पोलीस कायदा त्याच्या मागोमाग चालतो. १२२ कलम सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद सापडलेल्यासाठी; १२४ चोरीचा वाटणारा माल जवळ असून खुलासा देता न येणाऱ्यासाठी. च्यायला, आमचा अर्धा जन्मच सूर्यास्त ते सूर्योदय! संशय शोधायला कशाला लागतो? वस्तीचं नाव सांगितलं की झालं.

घटनेचं कलम २२ म्हणतं, अटकेचं कारण सांगा, पसंतीचा वकील भेटू द्या, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. हे आभाळातून पडलेलं नाही. घटना समितीनं जीविताच्या हक्काला ‘कायद्यानं ठरवलेली पद्धत’ एवढंच कुंपण ठेवलं. म्हणजे सरकार करील तो कायदा. १५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी त्याची भरपाई म्हणून हे कलम आणलं. त्याच्याच पोटात खटल्याशिवाय डांबायची वाटही आहे, तेही विसरू नका.

झडतीला तर वेगळं कलमच नाही. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेब ती घ्यायला तयार होते. सभागृहात ती बारगळली. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावरच बोट ठेवलं : घटनेत नाही, तर हक्क नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींनी सांगायला २०१७ उजाडलं.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत झडतीचं चित्रीकरण आहे. अटक केलेल्याच्या अंगावरून काढलेल्या वस्तूंची पावती तर जुन्या कायद्यातही होती. आमचा माणूस पगार खिशात घेऊन आत जातो, सकाळी रिकामा बाहेर येतो. पावती मागितली तर कानफटात. घराच्या झडतीला दोन पंच लागतात, तेही ‘प्रतिष्ठित’. आमच्या गल्लीत प्रतिष्ठित कोण? पोलिसांच्या हिशेबी चौकीसमोरचा पानवाला. तोच दर पंचनाम्यावर सही ठोकतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, अटकेचं कारण लेखी द्या, आरोपीला समजेल त्या भाषेत, आणि रिमांडसाठी उभं करण्याच्या निदान दोन तास आधी. हा निकाल वरळीच्या मोटार अपघाताच्या खटल्यातून आला. पैसेवाल्याच्या वकिलानं मिळवला. मिळवू दे. कागद आपणही मागायचा, मराठीत.

परभणीत १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत सापडलेला एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेला. कायदा शिकत होता तो. ही कलमं त्याला ठाऊक असणारच. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हे हायकोर्टानं सांगायला जुलै २०२५ लागला.

चौकीत एकटा माणूस कलम बोलला तर मार वाढतो. बाहेर दहाजण उभे राहून अटकेची वेळ आणि छातीवरच्या पट्टीतलं नाव उतरवून घ्यायला लागले, की तोच हवालदार ‘अहो’ म्हणतो. म्हणून प्रत्येक वस्तीनं वही घालावी : कुणाला, कुठनं, किती वाजता, कुणी उचललं, घरी कळवलं का. आमच्या वस्तीत घातलीय. पहिल्या पानावर चार नावं आलीत. तिघांना कारण तोंडीसुद्धा सांगितलेलं नव्हतं.