वेष नेमका कुणाचा?

जुन्या नाटकांचा विषय निघाला की आमच्या धाराशिवात एखादा शहाणा हमखास म्हणतो, "छे हो! कपडे बदलले म्हणून काय माणूस ओळखू येत नाही? काहीतरीच!" या शहाण्यांशी माझं जुनं वैर आहे.

ऑलिव्हर गोल्डस्मिथचं १७७३ सालचं 'शी स्टूप्स टू कॉन्कर' घ्या. बापाने केटसाठी मार्लो हे स्थळ आणलेलं. पण घरंदाज मुलगी समोर आली की मार्लोची बोबडी वळते. पहिल्या भेटीत पठ्ठ्याने तिच्या तोंडाकडे धड पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी तीच केट साध्या कपड्यांत दिसली, तेव्हा याला ती खानावळीतली पोरगी वाटली आणि याची जीभ सैल सुटली! केटने गैरसमज मुद्दाम वाढू दिला. का? तर माणूस आतून कसा आहे, ते कळावं म्हणून.

आता सांगा, केटचा वेष कोणता? सकाळचा भरजरी, की संध्याकाळचा साधा?

आमच्या बँकेत कुणी सोनं तारण ठेवायला आला, तर सराफ दागिना कसोटीवर घासून बघतो. नुसती चकाकी पाहून आम्ही दहा हजारसुद्धा देत नाही. गोल्डस्मिथ तर नावाचाच सोनार. त्याने नवरदेव घासून पाहिला, यात नवल ते काय?

आणि आपण? मुलीला मावशीची पैठणी, मावशीनेच केलेले पोहे. घरी अंघोळीला जाताना टॉवेलसुद्धा आईकडून मागून घेणारे चिरंजीव सांगतात, "मला स्वयंपाकाची आवड आहे." अर्ध्या तासात सगळे आपापले वेष उतरवून मोकळे, आणि त्यावर पन्नास वर्षांचा करार! त्यातही कडी म्हणजे मुलाच्या वडिलांचं वाक्य, "आमची काही अपेक्षा नाही." १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. तेव्हापासून हुंडा हाच मुळी वेषांतर करून हिंडतो आहे. कधी तो 'मानपान' होऊन येतो, कधी 'मुलीची हौस', कधी पुण्यातल्या फ्लॅटसाठी 'थोडा हातभार'. इथे मात्र आमच्या शहाण्यांना समोरचा अजिबात ओळखू येत नाही! त्या हौसेचे हप्ते मुलीचा बाप निवृत्तीनंतरही फेडत बसतो, आणि हप्ता थकला की सासरी बोलणी मुलगी खाते.

इंग्रज नको असेल तर अण्णासाहेब किर्लोस्करांचं १८८२ सालचं 'संगीत सौभद्र' आहे. अर्जुनाला भगवी वस्त्रं का घालावी लागली? हौस म्हणून नव्हे. बलरामदादांनी सुभद्रेला परस्पर दुर्योधनाच्या गळ्यात बांधायचं ठरवलं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. घरात मुलीला एक प्रश्न विचारला असता, तर यतिमहाराजांची गरजच पडली नसती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पोरापोरींना दोन-चारदा रोजच्या कपड्यांत, पोह्यांशिवाय, मोठ्यांशिवाय भेटू द्या. मुलीला आधी विचारा, आणि ती नाही म्हणाली तर ते ऐका. लग्नानंतर तुळजापूरच्या आईचा गोंधळ आपण घालतोच. निदान लग्नाआधीचा तरी आवरा!