पांढऱ्या चट्ट्याचे भवितव्य

उरणजवळच्या करंजा बंदरावर मासळीच्या टोपल्या उचलणाऱ्या एखाद्या स्त्रीच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा उठला, तर तिचे त्याकडे लक्ष जाण्याचा संभव थोडाच. चट्टा दुखत नाही, खाण्यापिण्याच्या आड येत नाही. आणि तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी दातांना लावण्याची सवय इतकी जुनी आहे की, तिचा या चट्ट्याशी काही संबंध असेल अशी शंकाही येत नाही. जखम भरेनाशी झाली, मानेत गाठ आली, म्हणजे मग रुग्णालयाची वाट धरली जाते. तोवर फार उशीर झालेला असतो.

याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यातील खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधनसंस्था आहे. तेथील आणि पश्चिम बंगालमधील कल्याणीच्या शास्त्रज्ञांनी गाल व हिरड्यांच्या कर्करोगातील जनुकीय बिघाडांचा आलेख २०१३ साली प्रसिद्ध केला. ‘टीपी ५३’सारख्या परिचित जनुकांबरोबरच या रोगात वारंवार बिघडणारी काही नवी जनुकेही त्यातून पुढे आली.

या ज्ञानाचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. तोंडातील बहुतेक पांढरे चट्टे कर्करोगात परिणत होत नाहीत. पण कोणते होतील, हे डोळ्याला आणि सूक्ष्मदर्शकालाही खात्रीने सांगता येत नाही. चट्ट्यातील पेशींमध्ये तिसऱ्या व नवव्या गुणसूत्रांच्या आखूड भुजांवरील ठरावीक अंश गळलेले आढळले, तर धोका पुष्कळ वाढतो, हे सिद्ध झाले आहे. कोणावर कडक नजर ठेवावी आणि कोणाला निश्चिंत करावे, हा निवाडा सोपा करणे हेच रेणवीय चाचणीचे खरे कार्य होय.

तथापि परदेशी चाचण्या जशाच्या तशा उचलून चालणार नाही. पाश्चात्त्य देशांत घशाच्या कर्करोगामागे पुष्कळदा पॅपिलोमा विषाणू असतो, आणि रक्तात त्याचा डीएनए शोधण्याची पद्धत त्या रोगासाठी घडली आहे. येथील गालाच्या कर्करोगाचे मूळ प्रामुख्याने तंबाखू आणि सुपारीत आहे. त्याची चाचणी येथल्याच रुग्णांवर पारखली गेली पाहिजे.

शिवाय जो चट्टा कोणी पाहिलाच नाही, त्याची चाचणी कोण करणार? केरळात १९९६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने घटले, असे २००५ साली जाहीर झाले. तिशीपासून पासष्टीपर्यंत दर पाच वर्षांनी अशी तपासणी व्हावी, असे केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. त्या कागदावर राहू नयेत, एवढीच अपेक्षा.

म्हणून क्रम ठरलेला असावा. आधी उपकेंद्रातील परिचारिकेच्या हातची बॅटरी, मग संशयित जागेचा तुकडा काढून तपासणी, आणि त्यापुढे जनुकांची साक्ष. ही साखळी करंजाच्या कोळीवाड्यापासून खारघरच्या प्रयोगशाळेपर्यंत जोडली गेली, तरच एका जिल्ह्यात नांदणाऱ्या या दोन जगांची गाठ वेळेवर पडेल.