खबर द्यायला नंबर आहे, उपचाराचा पत्ता कुठे आहे?

मा. मुख्यमंत्री तथा गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

जानेवारी 2025 मध्ये वाशीत आपल्या हस्ते ‘नशामुक्त नवी मुंबई’ अभियान सुरू झालं. अभिनेते जॉन अब्राहम सदिच्छादूत झाले, गांजा-एमडी विकणाऱ्यांची खबर देण्यासाठी पोलिसांचा हेल्पलाइन नंबर जाहीर झाला. पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर त्याच आयुक्तालयात येतात, म्हणजे अभियान आमचंही आहे. मग माझ्या अकरावीतल्या मुलाच्या दप्तरात गोगोचं (गांजा भरून ओढायच्या कागदाचं) पाकीट आणि गांजाची पुडी सापडली, त्या रात्री मी कुठला नंबर फिरवायचा होता? पोटच्या पोराची खबर कुठली आई पोलिसांना देईल?

एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 27 ची भीती सगळ्यांना आहे. गांजा ओढला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, हे गल्लीतला कुणीही सांगतो. त्याच कायद्यात कलम 64-अ आहे. व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पुरे केले, तर सेवनाबद्दल किंवा जवळच्या अल्प प्रमाणातल्या मालाबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. हे मला ना शाळेने सांगितलं, ना पोलिसांनी, ना कुठल्या फलकाने. पनवेलमध्ये असं मान्यताप्राप्त ठिकाण कुठलं, हे ज्या ज्या कचेरीत विचारलं तिथे पुढच्या टेबलाकडे बोट दाखवलं गेलं. अर्ज दिले, पोच मिळाली, उत्तर नाही.

सरकारी दार सापडत नाही, तेव्हा आईबाप खाजगी केंद्रांना फोन करतात. आम्हीही केला. पलीकडून सांगितलं, ‘गाडी पाठवतो, मुलगा आमच्या ताब्यात द्या, तीन महिने भेटायचं नाही.’ तिथे पन्नाशीचे दारुडे आणि सोळा वर्षांची पोरं एकाच हॉलमध्ये झोपतात, हेही त्यांनीच सांगितलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 87 काय म्हणतं? अल्पवयीनाला दाखल करणं हा अपवाद. ठेवलं तर प्रौढांपासून वेगळं, सोबत घरचं किंवा जबाबदार माणूस पूर्ण वेळ, आणि 72 तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. ही केंद्रं कोण तपासतं? आम्ही मुलाला पाठवलं नाही. पण हातात दुसरं काही नसलेले आईबाप पाठवतात, आणि त्या मुलांचं जे होतं त्याला सरकार जबाबदार आहे.

मुळात गांजा सोडवायला पोरगं कोंडावं लागत नाही. त्यावर ठरलेलं असं औषधही नाही. मुलाशी नियमित बोलणारा समुपदेशक, घरच्यांना सोबत घेऊन केलेले उपचार, यांनीच फरक पडतो. गांजा बंद केल्यावर पहिले दोन आठवडे कठीण जातात. आमचा मुलगा रात्री तीनला गॅलरीत येरझाऱ्या घालायचा, उशी घामाने ओली, वरण-भाताचं ताट तसंच सरकवायचा, धाकटीवर खेकसायचा. पुन्हा ओढायला लागला, असं समजून घर हादरलं होतं. हे सोडल्यामुळे होतंय, पहिल्या आठवड्यात वाढतं आणि मग उतरतं, एवढं एक वाक्य आम्हाला पुष्कळ उशिरा, ओळखीतल्या एका समुपदेशक बाईंकडून कळलं. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे सरकारी हेल्पलाइन नंबर आहेत, मान्य. पण दर आठवड्याला समोर बसून मुलाला बोलतं करायचं काम फोनवर होत नाही. जिल्हा रुग्णालय अलिबागला. तिथे जाऊन यायचं म्हणजे मुलाचं दर आठवड्याला एक दिवस कॉलेज बुडणार.

आकडे सरकारकडेच आहेत. केंद्राने एम्सकडून करवून घेतलेल्या 2019 च्या अहवालात 10 ते 17 वयोगटातली सुमारे 20 लाख मुलं गांजा-भांगेसारखे पदार्थ घेतात अशी नोंद आहे, आणि सर्व वयांचे मिळून सुमारे 72 लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज असल्याचंही म्हटलं आहे. मुलांमधल्या नशेबद्दल राष्ट्रीय कृती आराखडा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2016 रोजी सांगितलं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये उभं केलं. व्यसनी माणसाला माणूस म्हणून कसं वागवायचं, हे महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे.

म्हणून मागणी करते. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी, कॉलेज सुटल्यावर, फक्त किशोरवयीनांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालवा. कलम 64-अ चा मजकूर आणि मान्यताप्राप्त ठिकाणांचे पत्ते प्रत्येक शाळा-कॉलेजच्या फलकावर लावा, पोलिसांच्या नंबराच्या बरोबरीने. अल्पवयीनांना प्रौढांत ठेवणाऱ्या केंद्रांवर धाडी घाला. मुलांना माल देणाऱ्यांवर बाल न्याय कायद्याचं कलम 77 लावा, त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आणि किती किलो गांजा पकडला हे जाहीर करता, त्याच पत्रकात त्या महिन्यात किती मुलांवर उपचार सुरू झाले तेही छापा. तो आकडा शून्य असेल तर शून्य छापा.

या पत्राची पोच नको. लेखी उत्तर हवं आहे, तारखेसह.

एक आई,
नवीन पनवेल