बाई, एकीला जाऊ?

"लहान मुलांना कुठे मुतखडा होतो?" हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत करंज्यात मी इतक्यांदा ऐकले की आता राग येतो. सुश्रुतसंहितेत अश्मरी हा मुख्यतः बालकांचा आजार म्हणून सांगितला आहे. तरी आपले आपले चालूच!

शेजारचा नऊ वर्षांचा नातू चार महिने पोट धरून बसत होता. कोणी जंत म्हणाले, कोणी नजर, तर कोणी शाळा बुडवायचे ढोंग. लघवी लाल झाली तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. मूत्रवाहिनीत खडा!

अहो, मोठ्या माणसासारखे "कंबरेतून कळ येते" असे मुलाला सांगता येत नाही. ते बेंबीकडे बोट दाखवते. पुन्हापुन्हा पोट दुखत असेल तर लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, म्हणून मुलांना आधी तीच करतात. सीटी स्कॅन गरज पडली तरच.

मग सुरू होतात घरगुती वैद्य. कुळथाचे कढण, पानफुटीची पाने. कुळथाचे पिठले मलाही आवडते हो! पण लघवी अडली आहे आणि ताप चढला आहे, अशा वेळी कढण पाजत बसणे म्हणजे मूत्रपिंडाशी जुगार. तेव्हा त्याच दिवशी इस्पितळ गाठायला हवे. लहान खडा बऱ्याचदा आपोआप पडतो. मोठा असेल तर ध्वनिलहरींनी फोडतात किंवा दुर्बिणीने काढतात. पोट फाडण्याची वेळ आता क्वचितच येते.

आणि खडा निघाला की संपले, असेही नाही. तो प्रयोगशाळेत द्यायचा. मुलांमध्ये मागे बरेचदा शरीरातील चयापचयाचा, कधी आनुवंशिक दोष असतो आणि खडा पुन्हा होतो. आपण मात्र काय करतो? दूध बंद! वाढत्या मुलाचे कॅल्शियम असे मनाने तोडू नये. तोडायचे तर वेफर्सचे आणि खाऱ्या मासळीचे मीठ कमी करा.

सगळ्यात स्वस्त औषध पाणी. ते मुले का पीत नाहीत? कारण शाळेतल्या मुतारीत पाय ठेववत नाही. पाणी प्यायलो तर जावे लागेल, म्हणून मुली तर दिवसभर घोटही घेत नाहीत. २०१९ मध्ये केरळ-कर्नाटकातल्या शाळांनी पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. आपल्याला घंटा वाजवायला काय पैसे पडतात? पण आधी मुतारी धुवा, मग घंटा वाजवा.

हे सगळे मी कोणत्या तोंडाने सांगते? इतकी वर्षे शिकवले. "बाई, एकीला जाऊ?" असे विचारणाऱ्या किती लेकरांना मी "आत्ताच मधली सुट्टी झाली ना? बस खाली!" म्हणून दटावले, त्याची गणती नाही. त्याला मी शिस्त म्हणत होते. ती शिस्त नव्हती, अडाणीपणा होता.

माझ्या वाचकांत शिक्षक बरेच आहेत. उद्या वर्गात कोणी करंगळी वर केली, तर एवढेच करा. जाऊ द्या त्याला.